धावपट्टी एवढी लांब कशासाठी?

विमानात खिडकीशी बसणाऱ्याला एक गोष्ट कधी ना कधी खटकतेच. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहतं, इंजिनांचा आवाज चढतो, पाठ खुर्चीला दाबली जाते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात चाकं जमीन सोडतात. खाली पाहावं तर धावपट्टी अजून बरीच पुढे पसरलेली दिसते. मग तीन-चार किलोमीटर लांब आणि 45 ते 60 मीटर रुंद असा हा पट्टा बांधला कशासाठी? विमानाचं काम तर अर्ध्यात भागलं!

खरं म्हणजे ती धावपट्टी उरलेली नसते. विमान सुटायच्या आधीच तिच्या मीटर-मीटरचा हिशेब झालेला असतो आणि त्यातला मोठा वाटा राखलेला असतो तो उडता उडता थांबावं लागलेल्या विमानासाठी. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की टेकऑफ आणि लँडिंगच्या बहुतेक नियमांचा अर्थ लागत जातो.

आधी टेकऑफ. पूर्ण भरलेलं बोइंग 777-300ईआर साधारण 351 टनांचं असतं. एवढं धूड उचलायचं तर पंखांवरून ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं हवा वाहायला हवी. तो वेग गाठेपर्यंत विमान म्हणजे एक अवजड गाडीच. आता समजा, हा वेग घेत असताना एक इंजिन बंद पडलं. वैमानिकापुढे दोनच वाटा उरतात : ब्रेक मारून उरलेल्या धावपट्टीत थांबायचं, किंवा राहिलेल्या इंजिनाच्या जोरावर तसंच पुढे जाऊन उडायचं. वेग कमी असेल तर थांबणं सोपं असतं आणि उडणं अशक्य. वेग खूप वाढला असेल तर नेमकं उलट. या दोहोंच्या मधे एक वेग असा असतो, की त्याच्यापर्यंत थांबता येतं आणि त्याच्यापुढे उडावंच लागतं. वैमानिक त्याला ‘व्ही वन’ म्हणतात.

हा वेग दर उड्डाणाला नव्यानं काढावा लागतो. विमानाचं त्या दिवसाचं वजन, धावपट्टीची लांबी आणि चढउतार, वारा, तापमान, पृष्ठभाग कोरडा की ओला हे सगळं त्यात येतं. कॉकपिटमध्ये कॅप्टनचा हात इंजिनांच्या दांड्यांवर असतो तो एवढ्याचसाठी, की थांबायची वेळ आली तर त्या क्षणात मागे ओढता याव्यात. ‘व्ही वन’ असा पुकारा झाला की तो हात काढून घेतला जातो. मोठ्या विमानांच्या कामातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी हालचाल ही आहे. हात दांडीवरच राहिला, तर घाबरून ती मागे ओढली जाण्याची शक्यता राहते. म्हणून हातच उचलायचा.

ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं. इंजिनाला आग लागली असताना विमान हवेत न्यायचं? हो, कारण दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकतं हे त्याला परवाना मिळण्याआधी सिद्ध करून दाखवावं लागतं. हवेत गेल्यावर आग विझवायला, फेरी मारून परत उतरायला वेळ मिळतो. जमिनीवर मात्र ताशी 280 किलोमीटर वेगानं धावणारं विमान सेकंदाला जवळजवळ 78 मीटर खातं. तीन सेकंद विचारात गेले तर सव्वादोनशे मीटरहून जास्त धावपट्टी मागे पडलेली असते. आकडेमोडीत माणसाच्या प्रतिक्रियेसाठी दोन सेकंदांचं अंतर जमेस धरलेलं असतं, त्याहून जास्त चैन कुणाला परवडत नाही.

म्हणून टेकऑफसाठी किती लांबी लागेल हे ठरवताना तीन अंतरं मोजतात. एक, व्ही वनला इंजिन बंद पडलं आणि थांबलो तर लागणारं. दुसरं, तसंच पुढे जाऊन शेवटी जमिनीपासून 35 फूट उंची गाठेपर्यंतचं. तिसरं, सगळी इंजिनं चालू असताना लागणारं अंतर आणि वर त्याचे पंधरा टक्के. यांतलं सर्वांत मोठं जे असेल, त्याला धावपट्टी पुरली पाहिजे. रोजच्या रोज सगळी इंजिनं नीट चालतात, म्हणून विमान लवकर उठतं आणि आपल्याला धावपट्टी उरल्यासारखी वाटते.

ऐन वेगात टेकऑफ सोडून देणं हा ब्रेकसाठी सर्वांत कठीण प्रसंग असतो. त्यामागची ऊर्जा आपण स्वतः मोजून पाहू शकतो. चारशे टनांचं विमान सेकंदाला 80 मीटर वेगानं धावत असेल, तर त्याच्या गतीत सुमारे 128 कोटी ज्यूल ऊर्जा असते. साधारण चार हजार लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेल. विमान थांबवायचं म्हणजे यातली बरीचशी ऊर्जा मोजक्या चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता म्हणून ओतायची, तीही अर्ध्या मिनिटाच्या आत. नवीन जातीच्या विमानाची ही परीक्षा घेताना ब्रेक मुद्दाम झिजलेले बसवतात. इंजिनांचा उलटा जोर वापरायचा नाही अशी अट असते. विमान थांबेपर्यंत ब्रेक लालभडक होतात. त्यानंतर पाच मिनिटं अग्निशामक गाड्यांनी जवळ जायचं नाही, कारण खऱ्या प्रसंगात बंब पोचायला तेवढा वेळ लागू शकतो. चाकांमध्ये बसवलेली खास बुचं ठरावीक तापमानाला वितळतात आणि टायरमधली हवा हळूहळू सोडून देतात, म्हणजे टायरचा स्फोट होत नाही. ही हवाही साधी नसते, नायट्रोजन असतो. तो आगीला साथ देत नाही.

आता वाऱ्याकडे वळू. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं, त्याला कळतो तो फक्त समोरून येणाऱ्या हवेचा वेग. उडायला ताशी 280 किलोमीटर लागत असतील आणि समोरून 40चा वारा असेल, तर जमिनीवर 240च गाठावे लागतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चतुर्थांशाहून जास्त घटते आणि तसं लागणारं अंतरही बरंच कमी होतं. उलट पाठीमागून नुसता 20चा वारा आला, तरी जमिनीवर 300 गाठावे लागतात आणि अंतर साधारण पंधरा टक्क्यांनी वाढतं. विमानं उडताना आणि उतरताना दोन्ही वेळा वाऱ्याला सामोरी जातात ती याचसाठी. पाठवाऱ्याची मर्यादा बऱ्याच मोठ्या विमानांना 10 किंवा 15 नॉटच, म्हणजे ताशी साधारण 18 ते 28 किलोमीटर असते. वारा फिरला की नियंत्रक अख्ख्या विमानतळाची दिशा फिरवतात, आणि रांगेत उभी असलेली विमानं वळून दुसऱ्या टोकाला जातात.

धावपट्टीवर रंगवलेला मोठा आकडाही दिशाच सांगतो. होकायंत्रावरचे अंश जवळच्या दहाच्या पटीत घ्यायचे आणि शेवटचं शून्य गाळायचं. पश्चिमेकडे तोंड करून धावायचं असेल तर 270 अंश, म्हणून 27. तीच पट्टी पूर्वेकडे वापरली तर 09. दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी 18चा फरक असतो. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत असल्यामुळे हे आकडे कधीकधी बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाची 05/23 ही धावपट्टी 2009 साली 04/22 झाली. पट्टी होती तिथेच होती, सरकलं ते चुंबकीय उत्तर.

उष्णता आणि उंची यांनी हवा विरळ होते, आणि विरळ हवा दोन्हीकडून मारते : पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. बोलिव्हियातला एल आल्तो विमानतळ समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंचावर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असते. तेच विमान तेवढ्याच वजनानं तिथून उडवायचं, तर जमिनीवर सुमारे 22 टक्के जास्त वेग गाठावा लागेल. त्या वेगाला पुन्हा टायरची मर्यादा आड येते. मोठ्या जेट विमानांचे टायर बहुधा ताशी 378 किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी केलेले असतात. त्यामुळे अशा ठिकाणी धावपट्ट्या लांब करतात आणि तरीही विमानाचं वजन कमी ठेवावं लागतं. अमेरिकेत डेन्व्हरची सर्वांत लांब धावपट्टी 4,877 मीटर आहे, तीही शहराच्या उंचीमुळेच.

प्रवाशांना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. बहुतेक टेकऑफ पूर्ण ताकदीनं होत नाहीत. धावपट्टी लांब आणि विमान हलकं असेल, तर आकडेमोड करून इंजिनाचा जोर पुरेल इतकाच ठेवतात. त्यानं इंजिनाची झीज कमी होते. पद्धत सुरक्षित आहे, कारण वरचे तिन्ही हिशेब त्या कमी जोरालाही लागू असतात. मात्र सगळी भिस्त येते ती कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या वजनाच्या आकड्यावर. मार्च 2009 मध्ये मेलबर्नला एका एअरबस ए340-500 विमानाचं वजन 362.9 टनांऐवजी 262.9 टन असं भरलं गेलं. एकच अंक चुकला, पण हिशेबातून शंभर टन गळाले. वेग आणि जोर दोन्ही कमी निघाले. विमान उठेना, शेपूट धावपट्टीवर घासत गेली, आणि धावपट्टी संपल्यावरही पुढच्या दिव्यांना आणि अँटेनाला धडक देत ते कसंबसं वर चढलं. आत पावणेतीनशे माणसं होती. वैमानिकांनी शेवटच्या क्षणी पूर्ण जोर लावला म्हणून ते उडालं, आणि परत सुखरूप उतरलं. सुटायच्या आधी दोघा वैमानिकांनी हे आकडे स्वतंत्रपणे काढून ताडून पाहणं किती महत्त्वाचं आहे, ते या घटनेवरून कळतं.

उतरताना हिशेब उलटा असतो. इथे खर्च करायची असते ती उंची आणि वेग. विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सव्वापाच मीटर खाली. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची एक ओळ असते. विमान नेमक्या उतारावर असेल तर त्यांतले दोन पांढरे आणि दोन लाल दिसतात. पांढरे वाढले तर विमान उंच आहे, लाल वाढले तर खाली. ही साधी युक्ती रात्रीच्या अंधारात फार मोठा आधार देते.

विमान धावपट्टीच्या अगदी सुरुवातीला कधीच टेकवायचं नसतं. सुरुवातीच्या रेषेवरून ते 50 फूट उंचीनं जावं आणि पुढे तीन-चारशे मीटरवर रंगवलेल्या जाड पट्ट्यांच्या आसपास टेकावं, अशी आखणी असते. अलीकडे टेकलं तर चाकं रेषेआधीच्या मातीत जायची भीती, पलीकडे टेकलं तर थांबायची जागा कमी. रेषेवरून जाताना विमान दहा फूट जरी जास्त उंच असलं, तरी त्या उतारावर टेकण्याची जागा साठेक मीटर पुढे सरकते. वेग दहा टक्के जास्त असला तर थांबवायची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. जमिनीलगत विमान तरंगत राहिलं, तर दर सेकंदाला सत्तर मीटर जातात. गंमत अशी की प्रवाशांना हेच तरंगणं आवडतं. अलगद टेकलं की ते वैमानिकाला दाद देतात. मी स्वतः जरा दणका देऊन योग्य जागी टेकलेल्या विमानाला जास्त मान देतो, आणि धावपट्टी ओली असेल तर नक्कीच.

नियमही ही चूकभूल जमेस धरतात. चाचणीत विमान 1,500 मीटरांत थांबलं, तर उड्डाणाची आखणी करताना त्याला कोरडी धावपट्टी 2,500 मीटरांची हवी, कारण उपलब्ध लांबीच्या साठ टक्क्यांतच थांबता आलं पाहिजे असा दंडक आहे. ओली असेल तर त्यात आणखी पंधरा टक्के, म्हणजे 2,875 मीटर.

चाकं टेकल्यावर पहिलं काम ब्रेकचं नसतं. पंख अजून विमानाला उचलून धरत असतात, त्यामुळे चाकांवर भार नसतो आणि भार नसेल तर ब्रेक कितीही दाबले तरी टायर घसरणारच. म्हणून आधी पंखांच्या पाठीवरच्या पाट्या ताडकन उभ्या राहतात. त्यांना स्पॉइलर म्हणतात. त्या उचल मोडून टाकतात आणि विमानाचं वजन चाकांवर येतं. मग ब्रेक, बहुतेकदा आधीच ठरवून दिलेल्या दरानं आपोआप लागणारे. एखादं चाक अडकून घसरू लागलं तर यंत्रणा त्याचा ब्रेक क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते.

आणि तो मोठा घरघराट? तो इंजिनांच्या उलट्या जोराचा. इंजिन उलटं फिरत नाही. त्याच्या बाहेरच्या कवचातून जाणारा हवेचा मोठा झोत अडवून पुढच्या दिशेला वळवला जातो, एवढंच. आवाज मोठा असला तरी कोरड्या धावपट्टीवर विमान थांबवण्यात सिंहाचा वाटा ब्रेकचाच. एअरबस ए380ला चार इंजिनं आहेत, पण उलटा जोर फक्त आतल्या दोनच इंजिनांना दिला आहे. बाहेरची दोन इतकी लांब आहेत की ती धावपट्टीच्या कडेवर येतात आणि तिथला कचरा उडवून आत ओढून घेण्याचा धोका असतो.

पाण्यानं मात्र सगळं बदलतं. टायर आणि धावपट्टी यांच्यामध्ये पाण्याचा थर अडकला, तर ठरावीक वेगाच्या वर टायर त्या थरावर तरंगू लागतो. त्यासाठी एक सोपं सूत्र आहे : टायरमधल्या दाबाच्या पौंडांतल्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि नवानं गुणायचं, उत्तर नॉटमध्ये मिळतं. दाब 200 असेल तर 127 नॉट, म्हणजे ताशी 235 किलोमीटर. मोठी विमानं याहून जास्त वेगानं टेकतात. म्हणूनच ओल्या धावपट्टीवर वैमानिक विमान मुद्दाम ठामपणे टेकवतात, म्हणजे टायर पाणी फोडून खालच्या खडबडीत पृष्ठभागाला भिडतो. धावपट्टीवर आडव्या खाचा पाडलेल्या असतात, पाण्याला निसटायला वाट मिळावी म्हणून. टेकण्याच्या जागी साचणारं टायरचं रबरही अधूनमधून जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं खरवडावं लागतं, नाहीतर तोच भाग पावसात गुळगुळीत होतो.

2 ऑगस्ट 2005 रोजी टोरांटोला वादळी पावसात एक एअरबस ए340 उतरलं. धावपट्टी 9,000 फुटांची होती, विमान टेकलं ते सुमारे 3,800 फूट आत. उलटा जोर लावायलाही उशीर झाला. विमान टोकापलीकडे जाऊन ओहोळात पडलं आणि जळालं. आतले सर्व 309 जण बाहेर पडले, हे केवळ वेगानं झालेल्या सुटकेमुळे. अशा वेळी करायची गोष्ट एकच असते : टेकण्याची जागा मागे पडते आहे असं दिसलं की पुन्हा पूर्ण जोर देऊन वर जायचं आणि फेरी मारून परत यायचं. प्रवासी यानं घाबरतात, पण असं वर जाणारा वैमानिक आपलं काम चोख करत असतो.

एका वेळी धावपट्टीवर एकच विमान, हे किती महत्त्वाचं आहे तेही सांगायला हवं. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ या स्पॅनिश बेटावर धुक्यात दोन बोइंग 747 एकाच धावपट्टीवर आली. एक धावत सुटलं होतं, दुसरं अजून पट्टीवरून बाहेर पडत होतं. 583 माणसं गेली. धावत्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळालेलीच नव्हती. तेव्हापासून रेडिओवर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला. मोठ्या विमानांमागे हवेत भोवरे उठतात, तेही अंतर राखायला लावतात. जड विमानाच्या मागून मध्यम आकाराचं विमान उडायचं असेल तर साधारण दोन मिनिटं थांबावं लागतं.

धावपट्टीच्या मध्यरेषेवरचे दिवे पांढरे असतात. शेवटचे 900 मीटर राहिले की ते आलटून पालटून लाल आणि पांढरे होतात, आणि शेवटच्या 300 मीटरमध्ये सगळेच लाल. वैमानिकाला धुक्यातही कळतं की आता किती उरलं. त्यापुढे टोकापलीकडची मोकळी जागा असते, आणि जिथे तेवढी जागा नाही अशा काही विमानतळांवर ठिसूळ, फेसाळ काँक्रीटचा एक मोठा गादीसारखा पट्टा अंथरलेला असतो. माणूस त्यावरून चालत जाऊ शकतो, पण विमानाच्या भाराखाली तो चुरा होतो. चाकं त्यात रुततात आणि विमानाची गती त्या भुग्यात जिरते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जानेवारी 2005 मध्ये एक बोइंग 747 धावपट्टी संपल्यावर असंच त्या पट्ट्यात शिरलं आणि तिथेच थांबलं.